पुस्तक मोबाईलवर वाचले तरी ते पुस्तकच

दिवाळीची सुट्टी संपली की शाळा-कॉलेजांत प्रकल्पांची घाई सुरू होते. शहापूर, किन्हवली, मुरबाड, सरळगाव येथील झेरॉक्सच्या दुकानांसमोर मुलामुलींची गर्दी दिसू लागते. रंगीत कव्हर, स्पायरल बाइंडिंग, आत तीस-चाळीस पाने आणि सर्वांत शेवटी एक पान ‘संदर्भसूची’चे. या शेवटच्या पानाकडे कोणी फारसे पाहत नाही. मुले ते रात्री बारा वाजता घाईघाईने लिहितात आणि आईवडिलांना तर ते काय असते हेच ठाऊक नसते. परंतु गुण कापले जातात ते पुष्कळदा याच पानावर आणि फाईल परत येते तीही याच पानामुळे. म्हणून या वेळचे सदर या एका पानासाठी.

कॉलेजकडून सूचना येते ती साधारण अशी: ‘किमान पाच संदर्भ द्यावेत. त्यांपैकी तीन छापील असावेत. इंटरनेटवरील संदर्भ दोनपेक्षा जास्त नकोत.’ सूचना वाईट नाही. मुलांनी पहिली सापडेल ती वेबसाईट उघडून तीच उतरवून काढू नये, चार पुस्तके चाळावीत, हा तिचा हेतू आहे. पण छापील म्हणजे काय आणि इंटरनेटवरील म्हणजे काय, हे त्या सूचनेत कुठेच लिहिलेले नसते. घोटाळा होतो तो येथे. छापील पुस्तकाची पीडीएफ मोबाईलवर वाचली तर ती कोणत्या खात्यात लिहायची? व्हॉट्सअॅपवर आलेला लेख झेरॉक्सवाल्याकडून कागदावर काढून आणला तर तो छापील झाला काय?

तुम्ही म्हणाल, हा मास्तरांचा विषय, यात आम्ही काय करणार? बंधू-भगिनींनो, हा तुमचाही विषय आहे, कारण खर्च तुमच्या खिशातून होतो. ‘छापील पुस्तकच पाहिजे’ असे सांगितले की पाड्यावरच्या मुलाला एसटी पकडून मुरबाडहून कल्याणला किंवा आसनगावहून लोकलने ठाण्याला, मुंबईला जावे लागते. सोबत कुणी मोठे माणूस गेले तर त्याचा एक रोज बुडतो. त्याच पुस्तकाची अक्षर न अक्षर तीच प्रत त्या मुलाच्या हातातल्या मोबाईलमध्ये आधीपासून असू शकते. ती का चालत नाही, हे विचारण्याचा अधिकार पालकांना आहे. मात्र विचारण्यापूर्वी आपल्याला फरक नीट कळला पाहिजे.

कागद पाहायचा की सही?

पुराव्याचा प्रश्न आपल्या लोकांना नवा नाही. ज्या घराने जात पडताळणीची फाईल केली आहे, त्या घराला पुरावा म्हणजे काय हे शिकवण्याची गरज नाही. अनुसूचित जातीच्या दाव्यासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा शोधताना आपण आजोबांच्या शाळेत जातो, जुने रजिस्टर काढायला लावतो. त्या वेळी आपण काय पाहतो? नोंद कुणी केली, कोणत्या वर्षी केली, मूळ रजिस्टर कुठे आहे आणि उद्या कुणाला तपासायचे झाले तर ते सापडेल की नाही. कागद किती गुळगुळीत आहे हे कुणी पाहत नाही.

सातबाराचेच उदाहरण घ्या. शासनाच्या संकेतस्थळावर १५ रुपये भरले की डिजिटल सहीचा उतारा मिळतो आणि तो सरकारी कामाला चालतो. तसाच दिसणारा दुसरा उतारा नुसता माहितीसाठी फुकट पाहता येतो, पण त्याची कितीही सुबक प्रिंट काढली तरी ती सरकारी कामाला चालत नाही. दोन्ही उतारे मोबाईलवरच दिसतात आणि दोन्हींची प्रिंट कागदावरच निघते. तरी एक चालतो आणि दुसरा चालत नाही, कारण एकामागे जबाबदार अधिकाऱ्याची सही आहे.

प्रकल्पाच्या संदर्भाचेही तसेच आहे. मी वाणिज्य शाखेचा माणूस. हिशेबात आम्हाला पहिला नियम शिकवला तो असा की व्हाउचर नाही तर नोंद नाही. संदर्भ म्हणजे प्रकल्पातल्या विधानाचे व्हाउचर होय. ते कागदावर आहे की पडद्यावर, हा दुसरा प्रश्न. कुणी दिले, केव्हा दिले आणि पुन्हा दाखवता येईल का, हे पहिले प्रश्न.

तीन कप्पे करावेत

मुलांनी गोळा केलेली माहिती तीन कप्प्यांत टाकावी, म्हणजे गोंधळ राहत नाही.

पहिला कप्पा छापील संदर्भांचा. एकदा छापून प्रसिद्ध झालेले पुस्तक, मासिक, वर्तमानपत्र, शासकीय अहवाल, गॅझेटियर हे या कप्प्यात येतात. त्याला लेखक किंवा संस्था, प्रकाशक, वर्ष, आवृत्ती आणि पान क्रमांक असतो. एकाच आवृत्तीच्या मुरबाडमधल्या प्रतीत छपन्नाव्या पानावर जे आहे तेच नागपूरच्या प्रतीतही छपन्नाव्या पानावर असते. छापून झाल्यावर त्यात गुपचूप बदल करता येत नाही. छापील संदर्भाला मान आहे तो या स्थिरपणामुळे.

याच कप्प्यात छापील पुस्तकाची स्कॅन केलेली पीडीएफही येते. ती म्हणजे पुस्तकाच्या पानांचे फोटो. आपण मोबाईलवर वाचतो ते पुस्तकच, फक्त आपल्यापर्यंत येण्याची वाट इलेक्ट्रॉनिक आहे. संदर्भ लिहिताना पुस्तकाची सर्व माहिती द्यावी आणि शेवटी ‘पीडीएफ’, कोणत्या संकेतस्थळावर पाहिली आणि कोणत्या तारखेला पाहिली, एवढे जोडावे. हे जोडणे कमीपणाचे नाही, प्रामाणिकपणाचे आहे.

दुसरा कप्पा केवळ इलेक्ट्रॉनिक संदर्भांचा. जे लेखन इंटरनेटवरच जन्मले, ज्याची छापील प्रत नाही किंवा असली तरी आपण पाहिलेली नाही, ते या कप्प्यात. शासनाच्या संकेतस्थळावर बदलत जाणारे आकडे, संस्थेच्या वेबसाईटवरचा मजकूर, ऑनलाईन बातमी, यूट्यूबवरचे भाषण ही त्याची उदाहरणे. हे लेखन आज आहे तसे उद्या राहीलच असे नाही. एखाद्या संकेतस्थळावर टँकरच्या फेऱ्यांचे आकडे पाहिले, तर पुढच्या सोमवारी तेथे दुसरे आकडे असतील. म्हणून येथे पाहिल्याची तारीख लिहिणे अगदी आवश्यक. मोबाईलवर स्क्रीनशॉट काढून ठेवावा, म्हणजे कुणी विचारले तर दाखवता येतो.

तिसरा कप्पा संदर्भ नसलेल्या गोष्टींचा. फॉरवर्ड होत आलेला मेसेज, फोटोवर लिहिलेले वचन, नाव नसलेल्या कुणाची पोस्ट. यांची प्रिंट काढून फाईलला लावली तरी ते छापील संदर्भ होत नाहीत. मोबाईलवरचे पुस्तक पुस्तकच राहते, तसा कागदावर काढलेला मेसेजही मेसेजच राहतो.

एक विद्यार्थी आणि त्याचा प्रबंध

या विषयावर सर्वांत चांगले उदाहरण आपल्याला एका विद्यार्थ्यानेच घालून दिले आहे. ९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या वर्गात पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी भारतातील जातिसंस्थेविषयीचा आपला इंग्रजी निबंध वाचला. ‘कास्ट्स इन इंडिया’ म्हणून आपण तो ओळखतो. तो वर्गात वाचण्यासाठी विद्यार्थ्याने लिहिलेला अभ्यासनिबंध होता. आजच्या भाषेत बोलायचे तर असाइनमेंटच.

हा निबंध उघडून पाहा. सेनार, नेसफील्ड, रिस्ले आणि आपल्या महाराष्ट्रातले डॉ. केतकर या चौघांनी जातीची व्याख्या काय केली, हे विद्यार्थी आंबेडकर प्रत्येकाचे नाव घेऊन सांगतात. मग कुणाचे कुठे बरोबर आणि कुठे अपुरे, ते दाखवतात आणि त्यानंतर स्वतःचे मत मांडतात. दुसऱ्याचे मत दुसऱ्याच्या नावावर आणि आपले मत आपल्या नावावर. संदर्भ देण्याचा खरा अर्थ हाच आहे. ज्यांचे नाव घेतले नाही त्यांच्याशी वाद घालता येत नाही आणि ज्यांचे उचलून आपल्या नावावर लिहिले त्यांच्या पुढे जाता येत नाही.

आता या एका निबंधाचा प्रवास पाहा. मे १९१७ मध्ये तो ‘इंडियन अँटिक्वरी’ या मासिकात छापून आला. १९७९ साली महाराष्ट्र शासनाच्या शिक्षण विभागाने वसंत मून यांच्या संपादनाखाली बाबासाहेबांच्या इंग्रजी लेखन आणि भाषणांचा पहिला खंड काढला, त्यात तो आला. हे खंड बाजारात मिळत नाहीत ही तक्रार आपण सर्वांनी वर्षानुवर्षे ऐकलेली आहे. छपाईसाठी घेतलेला कागद पडून असल्याची बातमी आल्यावर डिसेंबर २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून या प्रकरणाची दखल घेतली होती. दिल्लीच्या डॉ. आंबेडकर प्रतिष्ठानने २०१४ साली या खंडांचे पुनर्मुद्रण केले आणि त्याची पीडीएफ भारत सरकारच्या परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावर ठेवली गेली. कोलंबिया विद्यापीठाच्या संकेतस्थळावरही हा निबंध वेबपानाच्या रूपात आला.

म्हणजे निबंध एक आणि रूपे चार. मग मुलाने संदर्भ कोणता द्यायचा? उत्तर सोपे आहे. जो स्वतः पाहिला तो. मोबाईलवर पीडीएफ उघडली असेल तर सुरुवातीच्या पानांवर पुनर्मुद्रणाचे वर्ष २०१४ लिहिलेले दिसते. मग ‘१९७९ ची प्रत पाहिली’ असे लिहू नये, पुनर्मुद्रण २०१४ असे लिहावे. वेबपान वाचले असेल तर तसे लिहावे. १९१७ चे मासिक डोळ्यांनी पाहिले नसताना मोठेपणासाठी त्याचे नाव सूचीत टाकू नये.

पान क्रमांकाचीही एक खाच आहे. पीडीएफ वाचताना मोबाईल आपला वेगळा क्रमांक दाखवतो आणि पुस्तकाच्या पानावर छापलेला क्रमांक वेगळा असतो, कारण मोबाईल कव्हरपासून मोजत येतो. संदर्भात पानावर छापलेला क्रमांक लिहायचा. म्हणजे ज्याच्याकडे कागदाची प्रत आहे त्यालाही ते पान सापडते.

छापलेले सगळे खरे, हा समजही सोडा

येथे एक गंमत सांगतो. या निबंधाचा संदर्भ देताना ‘इंडियन अँटिक्वरी, मे १९१७, खंड ४१’ असे अनेक ठिकाणी लिहिलेले आढळते. आता आकडेमोड करा. हे मासिक १८७२ साली सुरू झाले. पहिला खंड १८७२ चा, तर १९१७ चा खंड कितवा? शेहेचाळिसावा. मग ४१ कुठून आले? रोमन आकड्यांत ४६ लिहिताना मधले पाचाचे एक अक्षर गळाले की ४१ उरतात. एकाने लिहिले, दुसऱ्याने त्यावरून उतरवले आणि कागदावरची चूक पडद्यावर आणि पडद्यावरची पुन्हा कागदावर फिरत राहिली. छापील आहे म्हणून डोळे मिटून घ्यायचे नाही आणि इंटरनेटवर आहे म्हणून फेकूनही द्यायचे नाही. बोटांवर हिशेब करून पाहायचा.

आवृत्तीचेही महत्त्व असेच. बाबासाहेबांचे ‘जातिनिर्मूलन’ हे भाषण लाहोरच्या जात-पात-तोडक मंडळासाठी लिहिलेले होते. परिषदच रद्द झाली, भाषण झाले नाही. बाबासाहेबांनी १९३६ साली ते स्वखर्चाने छापले. पंधराशे प्रतींची पहिली आवृत्ती दोन महिन्यांत संपली. १९३७ च्या दुसऱ्या आवृत्तीत गांधीजींची टीका आणि बाबासाहेबांचे तिला उत्तर यांची भर पडली. म्हणून गांधीजींना दिलेल्या उत्तराविषयी लिहायचे आणि संदर्भ १९३६ च्या पहिल्या आवृत्तीचा द्यायचा, हे चालणार नाही. पुस्तकाचे नाव तेच, पण आत जे नाही ते कसे दाखवणार?

जुन्याला आजचे समजू नका

आमच्या भागातली मुले आपल्या तालुक्यावर प्रकल्प करतात ही आनंदाची गोष्ट आहे. माहुलीचा किल्ला, म्हसाची यात्रा, भातसा आणि तानसाचे पाणी असे विषय असतात. त्यासाठी ठाणे जिल्ह्याचे जुने गॅझेटियर इंटरनेटवर सहज मिळते. पण ते १८८२ साली छापलेले आहे. ते इंटरनेटवर ज्या वर्षी चढवले ते वर्ष मुले पुस्तकाचे वर्ष म्हणून लिहितात आणि मग इंग्रजांच्या काळातले रस्ते आणि शाळा आजच्या म्हणून प्रकल्पात येतात. त्या गॅझेटियरच्या ठाणे जिल्ह्यात शहापूर-मुरबाडबरोबर पनवेल आणि कर्जतही आहेत. आज ते दोन्ही रायगड जिल्ह्यात आहेत. शिवाय त्या ग्रंथातली आपल्या समाजाविषयीची, आदिवासी बांधवांविषयीची भाषा साहेबाच्या नजरेची आहे. ती उतरवताना ‘१८८२ च्या गॅझेटियरमध्ये असे म्हटले आहे’ हे स्पष्ट लिहावे, म्हणजे ते मत तुमच्या माथी येत नाही.

दुसरे उदाहरण लोकसंख्येचे. २०११ च्या जनगणनेत ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या १ कोटी १० लाखांवर होती. आकडा बरोबर आहे, सरकारी आहे, पुस्तकातही आहे आणि पीडीएफमध्येही. परंतु १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला. तेव्हाच्या पंधरा तालुक्यांपैकी आठ तिकडे गेले आणि शहापूर-मुरबाड धरून सात ठाण्यात राहिले. म्हणून तो १ कोटी १० लाखांचा आकडा आजच्या सात तालुक्यांच्या जिल्ह्याला लावला की प्रकल्प चुकला. येथे कागद आणि पडदा दोघेही निर्दोष आहेत. तारीख न पाहणारा दोषी.

फोटोवरची वचने आणि एआयची उत्तरे

जयंती जवळ आली की बाबासाहेबांच्या फोटोखाली वचने लिहून मेसेज फिरू लागतात. त्यांतली किती बाबासाहेबांची आणि किती कुणा दुसऱ्याची, हे पाठवणाऱ्यालाही माहीत नसते. भाव चांगला असतो, परंतु प्रकल्पात भाव चालत नाही, खंड आणि पान लागते.

आपल्या प्रत्येक फलकावर असलेली त्रिसूत्रीच पाहा. आपण म्हणतो, शिका, संघटित व्हा, संघर्ष करा. जुलै १९४२ मध्ये नागपूरला अखिल भारतीय दलित वर्ग परिषदेत झालेले बाबासाहेबांचे इंग्रजी भाषण शासनाच्या सतराव्या खंडाच्या तिसऱ्या भागात आहे. तेथे शिकणे पहिले आहेच, पण चळवळीसाठी चेतवण्याचा शब्द दुसरा आणि संघटनेचा तिसरा आहे. या क्रमाचा अर्थ काय, यावर एक स्वतंत्र प्रकल्प होईल. पण तो फलक वाचून होणार नाही, खंड उघडूनच होईल. आपल्याच उद्धारकर्त्याचे शब्द तपासून घेण्यात अनादर नाही. त्यांनी स्वतः कुणाचे शब्द न तपासता घेतले नव्हते.

आता मोबाईलवर आणखी एक लेखनिक आला आहे, एआय. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आल्यापासून प्रश्न टाकला की उत्तर तयार मिळते आणि मागितले तर संदर्भही मिळतात. पण ते संदर्भ कधी कधी जगात अस्तित्वातच नसतात. लेखकाचे नाव खरे, पुस्तक खोटे. किंवा पुस्तक खरे आणि त्यात तसे काही लिहिलेलेच नाही. न्यूयॉर्कमध्ये दोन वकिलांनी असेच एआयने सांगितलेले न्यायनिवाडे कोर्टात सादर केले. ते निवाडे कधी झालेच नव्हते. जून २०२३ मध्ये कोर्टाने त्यांना ५,००० डॉलर दंड केला. शिकलेल्या वकिलांची ही गत, तर बारावीच्या मुलाचे काय? एआयला विषय समजावून सांगायला लावा, अवघड इंग्रजी शब्दाचा अर्थ विचारा, हरकत नाही. पण त्याने सांगितलेले पुस्तक स्वतः उघडल्याशिवाय सूचीत लिहू नका.

विकिपीडियाचेही थोडे असेच. तेथे लेख कुणीही बदलू शकतो. त्याचा उपयोग रस्ता विचारण्यासाठी करावा. लेखाच्या तळाशी दिलेल्या पुस्तकापर्यंत जावे आणि ते पाहून मग त्याचा संदर्भ द्यावा. मराठी विश्वकोशाचे मात्र वेगळे. तो शासनाच्या मंडळाने तज्ज्ञांकडून लिहून घेऊन खंडाखंडांनी छापलेला आहे आणि इंटरनेटवरही ठेवलेला आहे. तोही पडद्यावर दिसतो म्हणून दोघांना एका मापाने मोजू नये.

फाईल परत आली तेव्हा

आमच्या अभ्यासवर्गात येणाऱ्या एका मुलीने आपल्या गावाच्या पाणीटंचाईवर प्रकल्प केला. वडील कारखान्यात कंत्राटी कामगार, आई शेतमजुरीला जाणारी. जुने गॅझेटियर, २०११ ची जनगणना पुस्तिका आणि एक पीएचडीचा प्रबंध असे तीन ग्रंथ तिने मोबाईलवर वाचले. देशभरातल्या विद्यापीठांचे प्रबंध ‘शोधगंगा’ या संकेतस्थळावर फुकट वाचता येतात, ते तिने शोधून काढले होते. टँकरचे आकडे संकेतस्थळावरून घेतले आणि चार म्हाताऱ्या बायांशी बोलून जुन्या विहिरींची माहिती लिहिली. कॉलेजातून फाईल परत आली. शेरा होता, ‘सर्व संदर्भ इंटरनेटचे. छापील पुस्तके वापरा.’ त्याच वर्गात दुकानातून तयार घेतलेली एक फाईल पास झाली, कारण तिच्या शेवटी पाच जाड पुस्तकांची नावे होती. ती पुस्तके कुणी उघडून पाहिली होती, हे कुणी विचारले नाही.

पोरगी रडली. तिची आई म्हणाली, मी कल्याणला जाऊन पुस्तक घेऊन येते, किती रुपये पडतील? आम्ही तिला थांबवले. आम्ही त्या मुलीबरोबर बसून सूचीची तीन शीर्षकांत मांडणी केली: छापील ग्रंथ, पीडीएफ स्वरूपात पाहिलेले, केवळ इलेक्ट्रॉनिक संदर्भ, पाहिल्याच्या तारखेसह, आणि प्रत्यक्ष मुलाखती, ज्यांच्याशी बोलली त्यांच्या परवानगीने. जनगणना पुस्तिका आणि गॅझेटियर यांच्या मुखपृष्ठांची एकेक प्रिंट, आणि विद्यापीठात दाखल केलेल्या त्या प्रबंधाच्या पहिल्या पानाची प्रिंट जोडली. ती स्वतः पुन्हा शिक्षकांकडे गेली आणि नम्रपणे म्हणाली, ‘सर, ही पुस्तके छापीलच आहेत, मी फक्त मोबाईलवर वाचली.’ सरांनी पाने उलटून पाहिली आणि फाईल ठेवून घेतली. उशिराचे दोन गुण मात्र गेले. ते परत मिळाले नाहीत.

सरांना दोष देण्यासाठी हे लिहीत नाही. जगातले मोठे मोठे लोकही या प्रश्नावर अडले होते. अमेरिकेतील मॉडर्न लँग्वेज असोसिएशन ही संस्था संदर्भ लिहिण्याचे नियम ठरवते आणि अनेक देशांतली विद्यापीठे ते पाळतात. तिच्या २००९ च्या सातव्या आवृत्तीत प्रत्येक संदर्भापुढे ‘छापील’ किंवा ‘वेब’ असा शिक्का लिहिण्याचा नियम होता. २०१६ च्या आठव्या आवृत्तीत तो काढून टाकला. एकच लेखन कागद, पीडीएफ, वेबपान अशा अनेक रूपांत मिळू लागल्यावर नुसत्या शिक्क्याने काही कळत नाही, हे त्यांनी ओळखले. आपल्या कॉलेजांनीही सूचनेत दोन ओळी वाढवल्या तर अनेक फाईली परत येणार नाहीत.

आता काय करायचे

विद्यार्थ्यांनी प्रकल्पाच्या पहिल्या दिवशीच एक वही करावी. पुस्तक उघडले की त्यातला मजकूर लिहून घेण्याआधी लेखक, पुस्तकाचे नाव, प्रकाशक, गाव, वर्ष, आवृत्ती आणि पान लिहावे. इलेक्ट्रॉनिक असेल तर संकेतस्थळाचे नाव आणि तारीख. शेवटच्या रात्री सूची करायची वेळ येत नाही. शब्द न शब्द घेतला असेल तर अवतरण चिन्हात घालावा. आपल्या शब्दांत लिहिले तरी कुणाचे आहे हे सांगावे. ही सवय पुढे उपयोगी पडते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे प्रबंधात साठ टक्क्यांहून अधिक मजकूर उचललेला आढळला तर नोंदणीच रद्द होते.

पालकांनी तयार फाईल विकत घेऊन देऊ नये. त्या पैशांत महिन्याचा डेटा येतो आणि वाचनालयाची वर्गणीही भरता येते. सुट्टीच्या दिवशी मुलांना एकदा तरी मोठे वाचनालय दाखवा. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ पासून आणि ठाण्याचे मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ पासून आहे. कागदाच्या पुस्तकाचा पाठ, अनुक्रमणिका, सूची हाताळली की पीडीएफमध्ये काय शोधायचे तेही कळते. घरी मात्र मुलाला एकच प्रश्न विचारा. त्यासाठी तुम्ही शिकलेले असण्याची गरज नाही. ‘हे तुला कुणी सांगितले, आणि मला दाखवशील का?’ मूल पान उघडून दाखवू शकले तर संदर्भ खरा.

आणि शिक्षक बंधू-भगिनींना एक विनंती. पुढल्या वर्षीच्या सूचनापत्रकात ‘छापील ग्रंथाची पीडीएफ छापील संदर्भ म्हणून धरली जाईल, मात्र पुस्तकाचा पूर्ण तपशील व पाहिल्याची तारीख द्यावी’ एवढे एक वाक्य घालावे. आपल्या गावातल्या अभ्यासिकांनी आणि महिला मंडळांनी हे वाक्य लिहून आपापल्या कॉलेजच्या प्राचार्यांना अर्ज द्यावा. अर्जावर दोन पालकांच्या सह्या घ्याव्यात, पोच म्हणून शिक्का मारून घ्यावा आणि ती प्रत जपून ठेवावी.